असलं तर वापरू, नसलं तर बघू

प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टचा रन संपला की शेवटी जी ओळ येते ना, ती मी हल्ली उलटीकडून वाचतो. पास किती आणि फेल किती हे सगळेच बघतात, फेल शून्य दिसलं की विंडो बंद आणि पुढचं काम. पण त्याच ओळीत तिसरा एक आकडा असतो, स्किप्ड, म्हणजे चालवल्याच नाहीत त्या टेस्टचा, बिचारा पिवळ्या नाहीतर करड्या रंगात एका बाजूला पडलेला, आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. परीक्षेला बसलाच नाही तो नापास कसा होणार, म्हणून शाळेचा निकाल शंभर टक्के, तसला हा प्रकार. आणि हा आकडा फुगलेला दिसला, की कारण बहुतेक वेळा एकच असतं: मशीनवर पर्ल नाही, किंवा पायथन नाही (दोन्ही स्क्रिप्ट लिहायच्या भाषा), किंवा आहे पण हवं ते नाही.

मी बरीच वर्षं दुसऱ्यांचा सी कोड बिल्ड करणे (म्हणजे सोर्समधून चालणारा प्रोग्राम बनवणे), पॅकेज करणे, त्याच्या टेस्ट चालत्या ठेवणे असलं काम करतोय. हे काम असं की प्रोग्रामची हुशारी तुमच्या वाट्याला कमी येते आणि त्याच्या आजूबाजूचा पसारा जास्त. त्या पसाऱ्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलेली गोष्ट म्हणजे ही ऑप्शनल डिपेन्डन्सी, असलं तर वापरायचं आणि नसलं तरी चालायला हवं असं दुसरं सॉफ्टवेअर. प्रोग्राम सी मध्ये आहे, पण बिल्डमध्ये कुठेतरी एक पर्ल स्क्रिप्ट आहे, डॉक्युमेंटेशन बनवायला पायथन आहे, जीयूआयला, म्हणजे खिडक्या-बटणांना, टिकल ही आणखी एक स्क्रिप्टची भाषा आहे, टेस्टमध्ये तर काय काय आहे विचारू नका, आणि रीडमी मात्र म्हणतं की हे सगळं ऑप्शनल.

आता हे शिरतं कसं? मीटिंग घेऊन कोणी ठरवत नाही की चला आपण आपल्या प्रोजेक्टला पर्ल लावूया. कोणालातरी एका टेक्स्ट फाइलमधून एक टेबल बनवायचं असतं, सी मध्ये ते पन्नास ओळींचं काम, पर्लमध्ये तीन ओळी, आणि पर्ल काय, असतंच की मशीनवर. हे 'असतंच की' त्या काळी खरंही होतं. पर्ल १९८७ साली आलं, पर्ल ५ १९९४ मध्ये, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी असं युनिक्स मशीन सापडणं अवघड होतं ज्यावर पर्ल नाही. मग त्या तीन ओळींच्या तीनशे होतात, लिहिणारा माणूस दुसऱ्या प्रोजेक्टला निघून जातो, आणि स्क्रिप्ट तिथेच राहते.

पण 'असतंच की' ला एक्स्पायरी डेट असते, ती कुठे छापलेली नसते एवढंच. फ्रीबीएसडी या युनिक्स-घराण्यातल्या सिस्टिमने २००२ मध्ये पर्ल मुळातच सोबत येणाऱ्या बेस सिस्टिममधून बाहेर काढलं. ॲपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाच्या रिलीज नोट्समध्ये सांगून टाकलं की पर्ल, पायथन, रुबी ही सगळी मंडळी फक्त जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलीत, पुढे मिळतील असं धरून चालू नका, आणि २०२२ मध्ये १२.३ आलं तेव्हा पायथन २.७ खरंच गेलं. आल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनर इमेजमध्ये (म्हणजे तयार गुंडाळलेल्या सिस्टिममध्ये) पर्ल सोडा, बॅश हा नेहमीचा शेलसुद्धा नसतो, बिझीबॉक्स या एका छोट्या प्रोग्रामवर सगळा कारभार. म्हणजे ज्या गृहीतकावर वीस वर्षांचा कोड उभा, ते गृहीतक हळूहळू निसटलं आणि कोणाचंच बिल्ड एका दिवसात मोडलं नाही. एका दिवसात मोडलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग कोणीतरी बसून दुरुस्त केलं असतं. झालं ते असं की जिथे जिथे नसेल तिथे तिथे थोडं थोडं स्किप व्हायला लागलं.

गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामचं, उदाहरण मला फार आवडतं कारण त्यांची सगळी भांडणं आणि निर्णय उघड्यावर आहेत, आणि आपण सगळे रोज वापरतो ते. २००५ मध्ये गिट सुरू झालं तेव्हा त्यातल्या कितीतरी कमांड शेल (कमांड चालवायची साधी भाषा) आणि पर्लमध्ये होत्या. हळूहळू त्या सी मध्ये आल्या. गिट ॲड चा तो इंटरॲक्टिव्ह मोड, ज्यात आपण एकेक तुकडा निवडतो, तो बरीच वर्षं पर्लमध्ये होता. २०२२ च्या २.३७ मध्ये सी वालं व्हर्जन डिफॉल्ट झालं आणि २०२३ च्या २.४० मध्ये पर्लवालं काढून टाकलं. गिट सेंड-ईमेल आणि गिट एसव्हीएन अजून पर्लमध्येच आहेत, गिटके टिकल-टीकेमध्ये, गिट पी४ पायथनमध्ये. आणि बिल्ड करताना नो-पर्ल, नो-पायथन, नो-टिकल-टीके असे स्विच देता येतात. इथपर्यंत सगळं छान.

गंमत पुढे आहे. गिटच्या टेस्टमध्ये पर्ल नावाची एक पूर्वअट असते. टेस्टच्या कपाळावर तसं लिहिलं असलं आणि गिट नो-पर्लने बिल्ड केलेलं असलं की ती टेस्ट स्किप होते, कंसात कारण छापून, की पर्ल नाही. पण टेस्टच्याच रीडमीमध्ये वर्षानुवर्षं एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की ही अट लावलेली नसली तरी टेस्टने एक चालतं पर्ल मशीनवर आहे असं धरायला हरकत नाही, फार नवीन नसेल एवढंच. म्हणजे बघा, नो-पर्ल म्हणून बिल्ड केलेलं गिट, पण त्याच्या टेस्ट चालवायला पर्ल हवंच! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, पण नंतर कळलं की त्यात विसंगती अशी काही नाही, ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच नावाखाली राहतात. एक प्रश्न: प्रोग्रामला पर्ल लागतं का? दुसरा: प्रोग्राम तपासणाऱ्या स्क्रिप्टला, दोन ओळी इकडच्या तिकडे करायला, एखाद्या फाइलमधला एक बाइट बिघडवायला पर्ल लागतं का? दुसऱ्या प्रकारच्या टेस्टचा विषय गिटचा असतो, पर्ल तिथे नुसतं हाताखालचं. २०२५ मध्ये शेवटी त्यांनी हे वेगळं केलं, टेस्टमधल्या किती तरी पर्लच्या ओळी शेल आणि सेड या मजकूर बदलायच्या अवजारात नाहीतर सी मधल्या टेस्ट-टूलमध्ये नेल्या, आणि ज्या उरल्या त्यांच्यासाठी पर्ल-टेस्ट-हेल्पर्स अशी वेगळी अट केली. मोठ्या प्रमाणावर टेस्ट आता पर्लशिवाय चालतात. काम कंटाळवाणं, कौतुक शून्य, पण मला विचाराल तर ते नाव वेगळं करणं हेच त्यातलं अर्धं काम होतं.

कारण खरं तर तिसराही एक प्रश्न असतो, बिल्डचा. प्रोग्राम चालायला काही लागत नाही, टेस्टलाही नाही, पण कंपायलरच्या तोंडात जाणारी एखादी फाइल स्क्रिप्टने बनते. लिनक्स कर्नलमध्ये हे झालं होतं. टायमरचे टिक आणि मिलिसेकंद यांच्यात रूपांतर करायला काही स्थिरांक लागतात, ते एचझेडच्या (टायमर सेकंदाला किती टिक देतो तो आकडा) किमतीवर अवलंबून, ते काढायला २००८ च्या सुमारास एक पर्ल स्क्रिप्ट आली. बरं, नेहमीच्या किमतींची उत्तरं त्या स्क्रिप्टमध्ये आधीच काढून ठेवलेली होती! तरीपण ती चालवायला पर्ल लागणार म्हणजे लागणार. छोट्या एम्बेडेड सिस्टिमवर, अगदी शून्यापासून सगळं बांधणारी मंडळी वैतागली, आधी कर्नल बिल्डला पर्ल लागत नव्हतं, आता एका बेरीज-गुणाकारासाठी अख्खं पर्ल बिल्ड करून आणा. काढून टाकायचे पॅच बरीच वर्षं फिरत राहिले. शेवटी २०१३ मध्ये ती स्क्रिप्ट गेली आणि तिच्या जागी आलं बीसी, ते जुनं कॅल्क्युलेटर. आणि मग काय झालं, तर ज्यांच्या मशीनवर पर्ल होतं पण बीसी नव्हतं त्यांचं बिल्ड मोडलं. बीसी नॉट फाउंड ही ओळ कर्नल बिल्ड करणाऱ्या कित्येकांनी बघितली असेल. डिपेन्डन्सी गेली नाही, बदली झाली.

तसं बघितलं तर या बिल्डच्या प्रश्नाला जुन्या लोकांनी एक हुशार उत्तर शोधलं होतं. बिल्डच्या स्क्रिप्ट बनवणारी दोन अवजारं घ्या: ऑटोमेक स्वतः पर्लमध्ये आहे, ऑटोकॉन्फ एम४ (एक मॅक्रो भाषा) आणि पर्लमध्ये, पण ते जे कॉन्फिगर, म्हणजे मशीन तपासून बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट, बनवतात ते साधं शेल. मेंटेनर आपल्या मशीनवर सगळी अवजारं चालवणार, तयार फाइली टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या वाटायच्या गाठोड्यात, भरणार, आणि ज्याला नुसतं बिल्ड करायचंय त्याला शेल, मेक आणि कंपायलर एवढंच पुरे. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं पण असंच. मूळ सोर्सपासून बनवायला टिकल लागतं, पण वाटतात ती एकच भलीमोठी सी फाइल, तिला काहीच लागत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टारबॉलमध्येही बायसन, फ्लेक्स (पार्सरचा कोड बनवणारी अवजारं) आणि पर्लने बनवलेल्या फाइली तयार येत असत.

मला ही पद्धत मनापासून आवडायची. आता तितकी आवडत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या अवजाराचं प्रकरण बाहेर आलं, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे लपवलेला चोरदरवाजा, सापडला, आणि तो सुरू करणारी एम४ फाइल फक्त टारबॉलमध्ये होती, गिट रिपॉझिटरीत नव्हतीच. खरा माल लपवला होता टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये. तयार फाइल म्हणजे सोय, पण कोणीही न वाचलेली फाइल. पोस्टग्रेसने तर त्याच्या आधीच, २०२३ च्या शेवटी ठरवून टाकलं होतं की टारबॉलमध्ये या तयार फाइली आता देणार नाही, आणि २०२४ च्या १७ व्या व्हर्जनपासून टारबॉलमधून बिल्ड करायलाही पर्ल, बायसन, फ्लेक्स लागतातच. काही लोकांना ते मागे जाणं वाटलं असेल, मला प्रामाणिकपणा वाटला. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने २०१९ मध्ये २.२९ ला पायथन ३ सक्तीचं केलं तेव्हा मात्र मी जरा चरकलो होतो, कारण पायथनला सी लायब्ररी लागते आणि सी लायब्ररीला पायथन, आणि शून्यापासून सिस्टिम उभी करणाऱ्याने यातलं आधी काय बांधायचं? उत्तर आहे, आधीच्या सिस्टिमवरचं पायथन उसनं घ्यायचं, पण हे उसनं प्रकरण संपतच नाही.

एसक्यूलाइटने यातून काढलेली वाट मला सगळ्यात चतुर वाटते. २०२५ च्या सुरुवातीला ३.४८ मध्ये त्यांनी ऑटोकॉन्फ सोडून ऑटोसेटअप घेतलं, त्याच्याबरोबर जिम नावाचं छोटं टिकल एका सी फाइलच्या रूपात सोर्समध्येच येतं. मशीनवर टिकल नसेल तर कंपायलर आधी ते छोटं टिकल बनवतो आणि मग ते टिकल बिल्डच्या स्क्रिप्ट चालवतं. पूर्ण टेस्टसाठी मात्र खरं टिकल हवंच, तिथे त्यांनी तडजोड नाही केली. आता हे प्रत्येकाला जमणार नाही, पर्ल किंवा पायथन असं खिशात घालून फिरता येत नाही, टिकलचा जीव छोटा म्हणून जमलं.

बरं आता मला ज्याचा खरा राग येतो त्याकडे येतो. जेंटू या लिनक्सची मंडळी त्याला ऑटोमॅजिक डिपेन्डन्सी म्हणतात. म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट गुपचूप बघते मशीनवर काय काय आहे, पायथन सापडलं की पायथन बाइंडिंग (पायथनशी जोड) चालू, नाही सापडलं की बंद, आणि तुम्हाला विचारत नाही, सांगतही नाही, सांगितलं तरी चारशे ओळींच्या लॉगमध्ये एक 'नो' म्हणून. एकट्या माणसाला आपल्या लॅपटॉपवर हे फार सोयीचं वाटतं. पण पॅकेज बनवणाऱ्याच्या दृष्टीने म्हणजे डोक्याला ताप, कारण तोच सोर्स, त्याच कमांड, पण मागच्या आठवड्यात बिल्ड मशीनवर दुसऱ्या कशासाठी तरी लुआ ही स्क्रिप्टची भाषा आली होती म्हणून त्या पॅकेजमध्ये लुआ आहे आणि या आठवड्यात नाही. युजर विचारतो प्लगिन का चालत नाही, आपण म्हणतो आम्ही काही बदललंच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

एकदा असाच एक बग मागे लागला होता. जीडीबी या डीबगरमध्ये (प्रोग्राममधले बग शोधायच्या अवजारात) पायथनचे प्रिंटर चालत नव्हते, म्हणजे सी प्लस प्लसचा व्हेक्टर नीट दिसण्याऐवजी आतले पॉइंटर दिसायचे. डीबगर बिल्ड झाला होता, टेस्ट हिरव्या होत्या. हिरव्या असणारच, कारण जीडीबीच्या टेस्ट आधी विचारतात की या जीडीबीत पायथन आहे का, आणि नसेल तर पायथनच्या सगळ्या टेस्ट सभ्यपणे बाजूला होतात. बिल्डच्या इमेजमधून पायथन आत जोडायला लागणाऱ्या हेडर फाइलींचं पॅकेज कोणीतरी इमेज बारीक करायच्या नादात काढलं होतं, इंटरप्रिटर तसाच होता म्हणून वरवर बघणाऱ्याला सगळं जागेवर. ज्या टेस्टने ओरडायला हवं होतं तिला बोलायची परवानगीच त्या गोष्टीवर अवलंबून होती जी गायब झाली होती. तेव्हापासून मी स्किपची यादी दोन रनमध्ये डिफ करून, म्हणजे फरक काढून, बघतो. आकडा नाही, यादी. आकडा तोच राहून आतली नावं बदललेली मी पाहिली आहेत.

मेसॉन या बिल्डच्या अवजाराने यात निदान शब्द तरी नीट दिले, प्रत्येक फीचरला तीन अवस्था: एनेबल्ड, डिसेबल्ड, ऑटो. एनेबल्ड म्हणजे हवंच, नसेल तर बिल्ड तिथेच थांबव. डिसेबल्ड म्हणजे असलं तरी हात लावू नको. ऑटो म्हणजे आपलं शीर्षक. आणि एकाच स्विचने सगळे ऑटो एनेबल्ड किंवा डिसेबल्ड करता येतात, फेडोरा लिनक्सचं पॅकेजिंग ते सगळे चालूच करून टाकतं, मग जे नको ते पॅकेज बनवणाऱ्याने नाव घेऊन बंद करायचं. हेच मला पटतं. लॅपटॉपवर ऑटो असू दे, जिथून दुसऱ्याच्या हातात बायनरी जाणार तिथे ऑटो नको. (मेसॉन स्वतः पायथनमध्ये आहे ही त्यातली गंमत, आणि म्हणून कोणीतरी म्यूऑन नावाने तेच सी मध्ये परत लिहिलं. हा खेळ असा चालूच राहतो.)

आता 'आहे की नाही' हे तपासणं. दिसायला सोपं, पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) पायथन सापडलं की आहे. पण विंडोजवर २०१९ पासून पायथन इन्स्टॉल नसलं तरी पायथन नावाची एक फाइल सापडते, ती चालवली की स्टोअरकडे बोट दाखवते. मॅकवर यूएसआर-बिनमधलं पायथन ३ म्हणजे डेव्हलपर टूल्स टाकलेली नसतील तर नुसता बोर्ड, चालवलं की इन्स्टॉल करू का विचारतं, आणि सीआयच्या, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या, मशीनवर त्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोण बसलंय? लिनक्सवर पर्ल सापडेल पण पूर्ण असेलच असं नाही. डेबियनच्या बेसमध्ये पर्लचा छोटा भाग असतो, फेडोराने इंटरप्रिटर वेगळा आणि मॉड्यूल वेगवेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेत, त्यामुळे ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी सोर्समधून बिल्ड करायला गेलात की फाइंडबिन हे मॉड्यूल सापडत नाही किंवा आयपीसी-कमांड सापडत नाही अशी तक्रार येते, आणि समोरचा डोकं खाजवत म्हणतो अरे पर्ल तर आहे की. म्हणून नाव शोधून उपयोग नाही, स्क्रिप्टला जे जे मॉड्यूल लागणारेत ते सगळे लोड करणारी एक ओळ खरोखर चालवून बघायची आणि तिचा एक्झिट कोड (जमलं की नाही ते सांगणारा आकडा) बघायचा. व्हर्जनही त्यातच तपासायचं. एवढं केलं की निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

पायटेस्ट या पायथनमधल्या टेस्ट चालवायच्या अवजाराचं इम्पोर्ट-ऑर-स्किप पण याच खड्ड्यात पडलं होतं. मॉड्यूल इम्पोर्ट करून बघायचं, एरर आला तर टेस्ट स्किप. पण एरर दोन कारणांनी येतो ना: मॉड्यूल नाहीच, किंवा मॉड्यूल आहे पण मोडलंय, आतली सी लायब्ररी सापडत नाही वगैरे. दोन्हीला एकच उत्तर, स्किप. म्हणजे तुमचं महत्त्वाचं मॉड्यूल मोडलं की त्याच्या टेस्ट लाल व्हायच्या ऐवजी गुपचूप गायब. २०२४ च्या ८.२ व्हर्जनपासून पायटेस्ट दुसऱ्या प्रकारात वॉर्निंग देतं. उशिरा का होईना, पण दिलं.

स्किपची भाषा सगळीकडे साधारण ठरलेली आहे. टॅप या टेस्टचे निकाल लिहायच्या फॉरमॅटमध्ये ओके लिहून पुढे हॅश स्किप आणि कारण, आणि हा फॉरमॅट मुळात पर्लच्याच टेस्टमधून जन्माला आलेला. ऑटोमेकमध्ये टेस्ट ७७ कोडने बाहेर पडली की स्किप, ९९ ने पडली की गंभीर एरर. मेसॉननेही तेच आकडे उचलले. सीटेस्ट या टेस्टच्या आणखी एका अवजारात कुठला कोड स्किपचा ते आपण ठरवायचं. म्हणजे यंत्रणा आहे. नसतं ते कारण. 'प्रीरिक्विझिट मिसिंग' एवढंच लिहिलेलं स्किप वाचून काय कळणार? कुठलं पर्ल शोधलं, कुठे शोधलं, सापडलं तर काय म्हणून नाकारलं, हे एका ओळीत लिहायला कितीसा वेळ लागतो.

आणि एक बारीक भानगड आहे जी मला गिटच्याच टेस्टमधून कळली. एक टेस्ट स्किप झाली की ती नुसती स्वतः जात नाही, तिने जी फाइल बनवली असती, जी ब्रँच काढली असती, ती पण जाते. पुढची टेस्ट ती फाइल आहे असं धरून चालते, तिच्या कपाळावर पर्लची अट नाही, ती फेल होते, आणि एरर असा काही विचित्र येतो की पर्लचा संबंध डोक्यात यायलाच दुपार जाते. यासाठी गिटवाल्यांनी २०१९ मध्ये एक मस्त स्विच केला, फेल-प्रीरेक्स नावाचा, तो लावला की सगळ्या पूर्वअटी मुद्दाम खोट्या ठरतात, मशीनवर सगळं असलं तरी. मग जे उरतं ते खरोखर स्वतःच्या पायावर उभं आहे का ते दिसतं. दुसऱ्या बाजूला, ज्या टेस्टना वेब सर्व्हर लागतो तिथे त्यांच्याकडे एक फंक्शन आहे, स्किप-ऑर-डाय. तुम्ही स्पष्ट सांगितलं नसेल आणि सर्व्हर नसेल तर स्किप. तुम्ही स्पष्ट हो म्हणालात आणि नसेल तर मर. नाव वाचूनच मी खूश झालो होतो. सीआयमध्ये एक जॉब असा हवाच जिथे सगळं इन्स्टॉल केलेलं आहे आणि स्किप म्हणजे फेल.

आणि एक जॉब असा हवा जिथे काहीच नाही. इथे लोक चलाखी करतात, पूर्ण इमेज घेतात आणि नो-पर्लचा स्विच देतात. पण स्विच दिल्यावर मेकफाइल पर्ल वापरणार नाही म्हणते, मशीनवर पर्ल तसंच असतं, आणि कुठल्यातरी स्क्रिप्टच्या चौथ्या पायपात कोणीतरी थेट पर्ल लिहिलेलं असतं ते निवांत चालतं. खरंच नसलेल्या इमेजवर चालवा. पहिल्या दिवशी जे काय दिसेल त्याने वाईट वाटून घेऊ नका, सगळीकडे तसंच असतं. व्हिम या एडिटरमध्ये मला ही शिस्त चांगली दिसते. पायथन, पर्ल, रुबी, लुआ, टिकल सगळं जोडता येतं, लागेल तेव्हाच लायब्ररी लोड होईल असंही बिल्ड करता येतं, स्क्रिप्ट आधी हॅझ विचारते मग वापरते, आणि त्यांच्या सीआयमध्ये टायनी, नॉर्मल, ह्यूज अशी वेगवेगळी बिल्ड नेहमी चालतात, त्यामुळे टायनी हे नुसतं नाव राहत नाही.

पर्ल काढून त्या जागी काय घालायचं याबद्दल मात्र मी पूर्वीइतका उत्साही नाही. पर्लची एक ओळ काढून सेड आणि ऑक या तशाच अवजाराच्या तीन ओळी घातल्या की डिपेन्डन्सी गेली असं वाटतं, पण जीएनयू सेड आणि बीएसडी सेड यांचं डॅश आय या फाइल जागच्या जागी बदलायच्या पर्यायावरून भांडण आहे, एकाला त्याच्यापुढे काही नको असतं, दुसऱ्याला बॅकअपचं एक्स्टेन्शन हवं असतं, रिकामं का होईना. ऑक म्हणाल तर त्याच्या गॉक या अवतारात चालतं ते मॉक या अवतारात चालेलच असं नाही. पर्ल सगळीकडे एकच होतं, हे त्याचं मोठं सुख होतं. म्हणून छोटं काम असेल तर साधं शेल, बाइटशी खेळायचं असेल तर टेस्टसाठीच सी मधला एक छोटा प्रोग्राम, कारण कंपायलर तर नक्की आहे, आणि ज्या गोष्टीचा विषयच पर्ल आहे तिला पर्लमध्ये राहू द्यावं. गिट सेंड-ईमेल सी मध्ये आणून कोणाचं भलं होणारे?

आणि कधी कधी सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे ऑप्शनल हा शब्दच खोडणं. ओपनएसएसएल कधी लाजलं नाही, कॉन्फिगर स्क्रिप्टच पर्लची, असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या पातळीवरचा कोड, तीही पर्ल स्क्रिप्टमधून बनते, पर्ल आणा मग बोलू. त्यावर ओपनएसएसएलमधूनच फुटून निघालेल्या बोरिंगएसएसएलने असेंब्ली आधीच बनवून सोर्समध्ये ठेवली, तेही ठीक, तो त्यांचा निर्णय. मी ज्या एका छोट्या प्रोजेक्टला हातभार लावतो तिथे पायथनशिवायचा रस्ता होता खरा, पण त्या रस्त्याने बिल्ड करणारं कोणी आम्हाला भेटलं नाही, सीआयमध्ये तो कधी नव्हताच, आणि करून बघितला तर लिंकच होईना, कधीपासून होत नव्हता कोण जाणे. थोडी चर्चा झाली, एक जण म्हणाला राहू दे, कोणाला तरी लागेल. शेवटी स्विच काढला, कॉन्फिगरमध्ये पायथन ३ सक्तीचं केलं, मॉड्यूलची यादी रीडमीमध्ये घातली, आणि टेस्टमधल्या त्या सगळ्या 'पायथन असेल तर' च्या ओळी उडवल्या. पॅच मोठा झाला, पण जवळजवळ सगळा लाल, म्हणजे काढलेल्या ओळींचा, रिव्ह्यूला फारसा वेळ लागला नाही. टिकलवाला स्विच अजून आहे. त्याच्यासाठी रिकाम्या इमेजवरचा जॉब लावलाय, आठवड्यातून एकदा चालतो, आणि सध्या तो फेल आहे.